घरच्या डार्करूममध्ये रंगीत प्रिंट: नागपुरातल्या नोंदी, डिसेंबर ते मे

२ डिसेंबर

ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट मी बरेच दिवस मारते आहे, त्यामुळे एन्लार्जर (निगेटिव्हमधून उजेड पाडून चित्र कागदावर मोठं करणारं यंत्र) कसा लावायचा, फोकस कसा धरायचा हे इथे येणार नाही. रंगीत पेपर आल्यावर काय अडतं आणि ते कसं सुटतं, तेवढ्यासाठी ही वही.

एन्लार्जर मेओप्टाचा, चेकोस्लोव्हाकियाच्या काळातला, कलर हेडसकट. जुना घेतला, साडेनऊ हजारांना. हेडमध्ये १२ व्होल्ट १०० वॅटचा हॅलोजन आणि यलो, मॅजेंटा, सायन असे तीन नॉब. चार ट्रे घरचेच. खोली म्हणजे मागची अडगळ, तिला खिडकी नाही.

पेपर आणि केमिकल गावातल्या एका कलर लॅबमधून. लग्नाचे अल्बम छापणारी मशीन आता पेपरवर लेझरने चित्र उतरवते, पण पुढची धुलाई आरए-४ चीच (रंगीत पेपर धुण्याची ठरलेली रासायनिक प्रक्रिया) असते. म्हणजे आपल्याला लागणारा माल तिथे रोजच्या वापरात आहे, परदेशातून मागवण्याचं कारण नाही. आठ इंची रोलचा उरलेला शेवट, अंदाजे वीस मीटर, १,२०० रुपयांना मिळाला. आठ बाय दहाचा एक कागद पंधरा-सोळा रुपयांना पडला. पाच लिटर डेव्हलपर (चित्र उठवणारं द्रावण) आणि पाच लिटर ब्लिक्स (चांदी काढून चित्र पक्कं करणारं द्रावण) मिळून ७००.

डेव्हलपर मागताना टाकीतला नको, रिप्लेनिशर (टाकीत भर घालायचं ताजं द्रावण) द्या म्हणायचं. मशीनच्या टाकीतल्या द्रावणात स्टार्टर (जोर कमी करणारं द्रावण) मिसळलेला असतो आणि ते ३५ अंशांवर चालतं. घरी कमी तापमानात काम करायचं तर रिप्लेनिशर तसाच वापरलेला बरा, तो जास्त जोरकस असतो.

लॅबवाले काका निघताना म्हणाले, "पोरी, हा पेपर लेझरवाल्या मशीनचा आहे. तुह्या बल्बखाली कॉन्ट्रास्ट मारीन." म्हणजे कॉन्ट्रास्ट फार येईल. लिहून ठेवते. त्याचं काय झालं ते पुढे.

८ डिसेंबर

ब्लॅक अँड व्हाइटला चालणारा लाल दिवा बंद. रंगीत पेपरला लाल, हिरवा, निळा तिन्ही प्रकाश दिसतात, त्यामुळे सगळं आंधळेपणाने. उजव्या हाताने डेव्हलपर, डाव्या हाताने ब्लिक्स, असं ठरवून टाकलं आणि ट्रे खिळे ठोकून जागेवर बसवले. हे नाटकी वाटेल, पण ब्लिक्सचे थेंब डेव्हलपरमध्ये गेले की तो डेव्हलपर ओतून द्यायचा, दुसरा उपाय नाही. नायट्राइलचे हातमोजे दोन्ही हातांत. डेव्हलपरमधल्या सीडी-३ या रसायनाने हातावर पुरळ येऊ शकतं आणि एकदा ॲलर्जी जडली की ती पुन्हा पुन्हा उठते.

वेळ मोजायला फोन खोलीत आणता येत नाही. स्वतःच्याच आवाजात सेकंद मोजून रेकॉर्ड केले आणि फोन दाराबाहेर ठेवून मोठ्याने लावला. "तीस… पंचेचाळीस… उचल." घरच्यांची करमणूक झाली.

रोल कापायला प्लायवर दोन पट्ट्या ठोकल्या. टोक पट्टीला भिडलं की दहा इंच. अंधारात उघडं ब्लेड हातात धरू नका. झाकण असलेला सरकता कटर मला चारेकशे रुपयांना मिळाला.

पहिले प्रिंट फिके, धूसर आणि डावं-उजवं उलटे आले. पेपर पालथा होता. ब्लॅक अँड व्हाइटचा सुटा कागद ज्या बाजूला वळतो ती बहुधा इमल्शनची (उजेड टिपणाऱ्या लेपाची) बाजू. रोलमधून निघालेला कागद मात्र रोलच्याच वळणाने वळतो, त्यावर भरवसा नाही. एक तुकडा उजेडात आणून पाहिला तर पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं आणि चकचकीत बाजू माझ्या रोलला बाहेरच्या अंगाने. तुमच्या रोलची कशी आहे ते एक तुकडा बळी देऊन आधीच पाहा.

१२ डिसेंबर

प्रत्येक प्रिंटच्या एकाच कोपऱ्यात सायन डाग. केमिकल बदललं, ट्रे धुतले, डाग तिथेच. केमिकलचा डाग असता तर जागा बदलली असती. एकाच कोपऱ्यात येतोय म्हणजे उजेडच.

निगेटिव्हवरून छापायच्या या पेपरवर लाल उजेड पडला की सायन रंग उठतो, हिरवा पडला की मॅजेंटा, निळा पडला की पिवळा, पांढरा पडला की काळपट. मग खोलीत लाल काय आहे ते शोधायचं. दार लावून दहा मिनिटं नुसती बसले तेव्हा दिसलं: ट्रेखालच्या स्पाइक गार्डचा दिवा. शिवाय डासांच्या मशीनचा. दोन्ही काळ्या इन्सुलेशन टेपने बंद केले. टायमरच्या लाल आकड्यांवर पुठ्ठ्याचं झाकण.

अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून खोली अंधारी आहे की नाही हे दार लावल्या लावल्या ठरवू नका.

१३ डिसेंबर

पिवळ्या एलईडीचा, ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा अगदी मंद दिवा चालतो असं म्हणतात, कारण तिथे पेपरची संवेदनशीलता सगळ्यात कमी असते. कागदावर नाणं ठेवून पाहिलं. एक मिनिट ठीक, चार मिनिटांत नाण्याचा गोल उमटला. दिवा छताकडे वळवून फक्त कागद कापताना लावते, ट्रेजवळ बंद.

१९ डिसेंबर

थंडी पडली. रात्री डेव्हलपर १७ अंशांवर. दोन मिनिटं ठेवूनही काळा रंग काळा होत नाही, त्यात निळसर झाक. मी यलो-मॅजेंटा फिरवत बसले आणि एक पूर्ण रात्र त्यातच गेली. फिल्टरने चेहऱ्याचा रंग हलतो, पण सावलीतला निळा जात नाही. पिवळा रंग देणारा थर या पेपरमध्ये सगळ्यात तळाशी असतो. डेव्हलपर थंड पडला की तिथलं काम अर्धवट राहतं.

उपाय ४५० रुपयांचा: माशांच्या टाकीचा हीटर. मोठ्या टबात पाणी, त्यात हीटर, आणि ट्रे त्या पाण्यात. हीटर थेट केमिकलमध्ये घालायचा नाही. पाणी ३२ ला ठेवलं की ट्रेमधलं द्रावण ३० च्या आसपास राहतं. डेव्हलपर दीड मिनिट, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं आंबट पाणी) अर्धं मिनिट, ब्लिक्स दीड मिनिट, मग वाहत्या पाण्यात दोन मिनिटं.

स्टॉप बाथ सुरुवातीला गाळला होता, कारण मशीनमध्ये तो बहुधा नसतो. पण मशीनमध्ये रोलर पेपर पिळून काढतात, आपण ओला पेपर तसाच उचलतो. कोपऱ्यांवर गुलाबी ढग यायचे. किराण्यातलं चार टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग. ढग गेले.

२८ डिसेंबर

आता कुठे फिल्टरकडे. कसोटीचं निगेटिव्ह एकच ठरवलं: तान्हा पोळ्याला काढलेलं, भाचा लाकडी बैल घेऊन उभा, मागे सिमेंटची भिंत, अंगात पांढरा सदरा, बैलाच्या गळ्यात झेंडू. त्याच्या हातात तेव्हा ग्रे कार्डही (रंग तपासायचा करडा पुठ्ठा) दिलं होतं. चेहरा, पांढरा, करडा, भडक रंग, सगळं एकाच फ्रेममध्ये.

नियम ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांना उलटा वाटतो. प्रिंट ज्या रंगाची मारते, तोच फिल्टर वाढवायचा. पिवळी मारते तर यलो वाढवा. मॅजेंटा मारते तर मॅजेंटा वाढवा. लाल मारते तर दोन्ही वाढवा. हिरवी मारते तर मॅजेंटा कमी करा, निळी मारते तर यलो कमी करा, सायन मारते तर दोन्ही कमी करा. सायनचा नॉब शून्यावरच ठेवा. तिन्ही एकदम लावले की नुसता उजेड कमी होतो.

यलो ६०, मॅजेंटा ४५ पासून सुरुवात. मग अंदाज करत बसण्याऐवजी रिंग-अराउंड केलं: पाव आकाराच्या कागदांवर तेच निगेटिव्ह, यलो दहाने वर-खाली, मॅजेंटा दहाने वर-खाली, आणि दोन्हींच्या जोड्या. सगळे वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवले, प्रत्येकाखाली आकडे. या पुठ्ठ्याने जेवढा कागद वाचवला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. लाल आणि मॅजेंटा, निळा आणि सायन यांत माझी नेहमी गफलत व्हायची. शेजारी ठेवून पाहिलं की होत नाही.

माझ्या हेडवर मॅजेंटा दहाने वाढवला की वेळही साधारण दहा टक्के वाढवावा लागतो. यलो वाढवला तर जवळजवळ काहीच नाही.

ओल्या प्रिंटवरून रंग ठरवू नका. ओली असताना ती निळसर-जांभळी आणि दुधाळ दिसते. हेअर ड्रायर चालतो.

६ जानेवारी

काल रात्री जमलेला आकडा, यलो ६८, मॅजेंटा ५२, लेन्सचं छिद्र एफ ८, ११ सेकंद. आज संध्याकाळी तेच निगेटिव्ह, तोच आकडा, तोच डेव्हलपर. प्रिंट फिकी आणि सायन. दोन्ही फिल्टर कमी केले, वेळ वाढवला, जमलं. मध्यरात्री संध्याकाळची तीच सेटिंग पुन्हा लावली तर प्रिंट काळपट आणि लाल.

९ जानेवारी

पेपर शिळा असेल म्हणून नवा तुकडा आणला. केमिकल थकलं असेल म्हणून बदललं. काही फरक नाही. लॅबमध्ये सगळे प्रिंट काउंटरवर मांडले. काकांनी प्रत्येकामागे लिहिलेली वेळ पाहिली, रंगाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "पह्यले लाइट पाय, मंग कलर पाय." लाइट म्हणजे वीज.

मल्टीमीटर लावला. दुपारी २२६ व्होल्ट. संध्याकाळी नळाला पाणी आलं आणि गल्लीतल्या सगळ्या मोटरी सुरू झाल्या तेव्हा १९८. रात्री बारानंतर २४१. जुना ट्रान्सफॉर्मर यातलं काहीच सावरत नाही, जे येतं ते त्याच प्रमाणात बल्बला देतो.

हॅलोजनचं गणित असं की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळपास तीस टक्के पडतो. शिवाय उरलेला उजेड लालसर होतो. लाल उजेड जास्त म्हणजे पेपरवर सायन जास्त, म्हणून संध्याकाळची प्रिंट फिकी आणि सायन. मध्यरात्री बरोबर उलटं. डोळ्याला बल्बमधला हा फरक कळत नाही, पेपरला कळतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्येही हेच होत असणार, तिथे रंग नसल्यामुळे मी ते टेस्ट स्ट्रिपच्या (वेगवेगळ्या वेळांच्या चाचणी-पट्टीच्या) नावावर खपवत होते.

डिसेंबरच्या वहीतले निम्मे आकडे यामुळे निरुपयोगी झाले. रिंग-अराउंडचा पुठ्ठा सुदैवाने एकाच दुपारी, मोटरींच्या वेळेआधी झालेला होता.

१४ जानेवारी

फ्रिजचा स्टॅबिलायझर लावून पाहिला. तो टप्प्याटप्प्याने बदलतो. टक् असा आवाज आला की व्होल्टेज एकदम आठ-दहाने उडी मारतं, आणि ती उडी नेमकी एक्सपोजरच्या मधे. उपयोग नाही.

बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) १२ व्होल्ट १२.५ अँपिअरचा एसएमपीएस (व्होल्टेज स्थिर ठेवणारा पॉवर सप्लाय) आणला, ८५० रुपये. एलईडीच्या पाट्यांना लावतात तोच. १०० वॅटच्या बल्बला आठ-साडेआठ अँपिअर लागतात, म्हणजे पुरायला हवा होता. बल्ब एकदा लुकलुकतो आणि सप्लाय बंद पडतो. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि सप्लाय स्वतःला वाचवतो.

दुकानदाराने एनटीसी थर्मिस्टर (थंड असताना करंट अडवणारा, तापला की सोडणारा तुकडा) दिला, वीस रुपयांचा. बल्ब लागला. मी खूश. पण आता पाच सेकंदांच्या टेस्ट स्ट्रिपचा रंग एक आणि वीस सेकंदांच्या प्रिंटचा वेगळा. थर्मिस्टर तापेपर्यंतची पहिली दोन-तीन सेकंदं बल्ब मंद आणि लालसर जळतो, आणि छोट्या एक्सपोजरमध्ये तेवढा भाग बराच मोठा असतो. काढून टाकला.

२१ जानेवारी

शेवटी ३० अँपिअरचा एसएमपीएस, १,६०० रुपये. तो सतत चालू ठेवते. टायमर २३० व्होल्टच्या रिलेला चालवतो आणि रिले १२ व्होल्टची बाजू जोडते-तोडते. वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं. बल्बच्या टोकांवर ११.८ व्होल्ट, संध्याकाळी मोटरी चालू असतानाही ११.८.

सप्लायची २३० व्होल्टची टोकं उघडी असतात. डब्यात बंद करा, अर्थिंग जोडा, आणि ओल्या ट्रेपासून लांब, भिंतीवर बसवा. हे काम मी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, ३०० रुपये.

दोन वेगवेगळ्या वेळी मारलेले प्रिंट शेजारी ठेवले. सारखे. हा खर्च पहिल्या दिवशी केला असता तर बराच कागद वाचला असता. तुम्ही सुरू करणार असाल तर पेपर आणण्याआधी हे करा.

२ फेब्रुवारी

मावशीकडे दिवसाउजेडी प्रिंट दाखवले तर सगळ्या चेहऱ्यांना हळद लागल्यासारखी. माझ्या टेबलावर निळसर पांढरा एलईडी बल्ब आहे. त्याखाली बरोबर दिसेपर्यंत मी प्रिंट पिवळ्या करत गेले होते. आता निर्णय दिवसा, उत्तरेच्या दाराशी. रात्रीसाठी ५००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा बल्ब घेतला. पाकिटावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ लिहिलेला घ्या, साधा घेऊ नका.

१५ फेब्रुवारी

काकांचा कॉन्ट्रास्ट. दुपारच्या उन्हातल्या निगेटिव्हांना हा पेपर फार कडक आहे. सदरा कोरा पांढरा, बैलाखालची सावली नुसती काळी. रंगीत पेपरला ग्रेड (कॉन्ट्रास्टच्या पायऱ्या) नसतात, ब्लॅक अँड व्हाइटच्या मल्टिग्रेड पेपरसारखा फिल्टर लावून सुटका नाही.

फ्लॅशिंग केलं. खऱ्या एक्सपोजरनंतर त्याच कागदावर निगेटिव्हशिवाय अगदी थोडा उजेड. पण निगेटिव्ह काढलं की त्याचा नारिंगी मास्कही (रंगीत फिल्मवर सगळीकडे असलेली नारिंगी छटा) जातो आणि फ्लॅश भलत्याच रंगाचा होतो. हायलाइट्स (उजळ भाग) पिवळट झाले. म्हणून त्याच फिल्मचं धुतलेलं कोरं टोक कॅरिअरमध्ये (निगेटिव्ह धरायच्या चौकटीत) घातलं, फिल्टर तेच ठेवले, लेन्स एफ १६ वर. कोऱ्या कागदावर वेळेच्या पट्ट्या मारल्या. पहिली अस्पष्ट छटा ३ सेकंदांवर दिसली, तर फ्लॅश २ सेकंद. सदऱ्याच्या घड्या आल्या. सावली तशीच काळी राहिली, फ्लॅशने सावलीला काही होत नाही.

सिनेमाच्या फिल्मवर काढलेले रोलही होते. ती निगेटिव्ह मुळातच मऊ असते आणि मऊ पेपरवर फिकी पडते. या कडक पेपरवर मात्र छान बसली. काकांना दाखवली. "मंग? सांगलं नव्हतं?" सांगितलं याच्या उलट होतं, पण मी वाद घातला नाही.

९ मार्च

वापरलेलं ब्लिक्स मोरीत ओतत नाही, त्यात चांदी उतरलेली असते. लॅबमध्ये त्याचा पिंप आहे, चांदी काढणारे लोक तो विकत नेतात. माझं कॅन त्यातच रिकामं होतं.

डेव्हलपर अर्ध्या भरलेल्या बाटलीत ठेवला की चहासारखा लाल होतो. दाबता येणाऱ्या बाटल्या तोंडापर्यंत भरून ठेवते. प्रत्येकीवर लाल अक्षरात 'विष' आणि तारीख. कपाटाला कुलूप.

१८ एप्रिल

बाहेर ४३. हीटर काढून ठेवला. छतावरच्या टाकीतलं पाणी दुपारी ३७-३८ अंशांवर येतं, म्हणजे या प्रक्रियेला जे तापमान हवं ते नळालाच मिळतं. टबात ते भरलं, थोडं माठातलं मिसळलं, ३५ वर आणलं. डेव्हलपर ४५ सेकंद, ब्लिक्स ४५ सेकंद. या दोन्हींना हिवाळ्यात लागायचा त्याच्या निम्मा वेळ. मात्र इतक्या कमी वेळात ट्रेमध्ये कागद पटकन बुडाला नाही तर पट्टा उमटतो. कागद एका झटक्यात सरकवायचा आणि लगेच ट्रे हलवायचा.

खोलीत बसवत नाही ही खरी अडचण. कूलर लावला तर त्याच्या दमट हवेने कागद एकमेकांना चिकटतात. आता पहाटे चार ते सात काम करते, पंख्याशिवाय.

पेपर फ्रिजमध्ये ठेवला आहे. बाहेर काढल्यावर पाकीट तीन-चार तास बंदच ठेवायचं, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं.

११ मे

लॅबमधला रोल बदलला, नवा बॅच. यलो ६८, मॅजेंटा ५२ वर प्रिंट हिरवट मारते. भाच्याचं निगेटिव्ह काढलं, पुठ्ठा शेजारी ठेवला. मॅजेंटा ४६ वर ग्रे कार्ड करडं झालं, यलो होता तसाच. वेळ ११ वरून साडेदहा सेकंद. पाकिटावर बॅच नंबर आणि हे आकडे लिहिले.

आतापर्यंतचा खर्च, एन्लार्जर सोडून, साडेआठ हजारांच्या घरात. त्यातला वाया गेलेला भाग मुख्यतः कागदाचा, आणि तोही जवळजवळ सगळा २१ जानेवारीच्या आधीचा. काका लॅबमध्ये इंकजेटची मशीन घ्यायचं म्हणताहेत. आठ इंची रोलचे दोन शेवट आगाऊ पैसे देऊन ठेवले आहेत, पुढच्या आठवड्यात उचलायचे.